एटीव्हीची लांब सीट पोराबाळांना बसवायला नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्रबित्र लिहायची सवय नाही, हातात पाना असतो पेन नसतो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मागच्या सुट्ट्यांमध्ये तुमच्या पेपरात पहिल्या पानावर एक फोटो आला होता, किनारे पर्यटकांनी फुलले वगैरे, आणि फोटोत एका एटीव्हीवर, म्हणजे बीचवर भाड्याने मिळतं ते चार फुगीर टायरचं मशीन, त्याच्यावर चौघं जण. पुढे टाकीवर चार-पाच वर्षांची मुलगी, तिच्यामागे वडील, मागे आई आणि आईच्या मांडीवर अजून एक बारकं. सगळे मस्त हसतायत. फोटो छानच होता, खोटं कशाला बोलू, पण माझं गॅरेज आहे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात आणि सीझनला माझं निम्मं काम ह्याच मशीनचं असतं, त्यामुळे माझी नजर माणसांवर नाही तर आधी मशीनवर गेली. हँडलला लाल दोरी नव्हती. पुढचं टायर टम्म फुगलेलं. आणि चौघांत मिळून हेल्मेट एकही नाही. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज पावसात गिऱ्हाईक नाही म्हणून बसलोय.

लाल दोरीचं नंतर सांगतो, आधी सीटचं. एटीव्हीची सीट लांब असते आणि आपल्या लोकांना लांब सीट दिसली की माणसं बसवल्याशिवाय चैन पडत नाही. पण ती लांबी माणसं बसवायला दिलेलीच नाहीये हो, ती एकट्या चालवणाऱ्याला सरकायला दिलीय. चढ आला की पुढे सरकून हँडलवर वाकायचं, उतार आला की बूड मागे न्यायचं, वळताना आतल्या बाजूला सरकायचं. मोटरसायकल वळताना स्वतः झुकते, हे मशीन झुकत नाही, ते चार पायांवर ताठ उभं राहतं आणि जोरात वळवलं की बाहेरच्या बाजूला कलंडायला बघतं, त्याला दाबून धरायचं काम चालवणाऱ्याने आपल्या वजनाने करायचं असतं. आता पुढे पोरगी, मागे बायको, हा बिचारा सरकणार कुठे? आणि मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे हँडल फिरवलं तरी मशीन सरळच जातं, आणि माणूस घाबरून अजून फिरवतो, मग एकदम पकड मिळते आणि आडवं.

दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही असतात, नाही असं नाही, त्या लांबीला मोठ्या असतात, मागच्याला वेगळी सीट, टेकायला पाठ, धरायला दोन कड्या, पाय ठेवायला जागा. आमच्या बीचवर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बघितल्यात. बाकी सगळ्या एकट्याच्या. आणि हे काय मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, कंपनीतून येतानाच मडगार्डवर, टाकीवर इंग्रजीत स्टिकर असतात, एकाहून जास्त बसू नका, डांबरी रस्त्यावर नेऊ नका, मोठ्या इंजिनचं मशीन १६ वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. आमच्याकडे त्या स्टिकरवर मालकाचा मोबाईल नंबर चिकटवलेला असतो.

डांबराचं म्हणाल तर त्याचंही कारण आहे. ह्यातल्या बऱ्याच मशीनला मागे एकच सलग अ‍ॅक्सल असतो, डिफरन्शिअल नसतं, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, वाळूत चाक घसरतं म्हणून ते खपून जातं, डांबरावर टायर चिकटतं, घसरत नाही, मग मशीन वळायला मागत नाही आणि वळलं तर उचलून टाकतं. आणि तरी सकाळ-संध्याकाळ पोरं मशीन घरी न्यायला-आणायला रस्त्याने पळवतात, तेही एसटीच्या पुढून. असो.

आता चालवणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे ह्याच्यावर बसणारा शंभरातला नव्वद माणूस दुचाकीवाला असतो, स्कूटर चालवून हात बसलेला, आणि गंमत अशी की ती सवयच इथे नडते. स्कूटरला मूठ पिळायची असते, इथे अंगठ्याने एक खटका दाबायचा असतो. घाबरल्यावर माणूस काय करतो, हँडल घट्ट आवळतो, आणि हँडल आवळलं की अंगठा आपोआप दाबला जातो. घाबरला म्हणून वेग वाढला आणि वेग वाढला म्हणून अजून घाबरला, असं चक्र. मी येणाऱ्याला नेहमी सांगतो की भीती वाटली की पहिला अंगठा उचल, ब्रेक नंतर. दुसरी सवय पायाची. दुचाकी कलली की पाय टेकायचा हे आपल्या हाडामांसात गेलेलं असतं, पण इथे पाय खाली टाकला तर मागचं चाक त्याच्यावरूनच जातं. घोटा मुरगळलेले, पायाची बोटं चिरडलेली अशी किती माणसं बघितली मोजलं नाही, आणि सगळ्यांच्या पायात काय तर स्लिपर. पाय फूटरेस्टवरून हलवायचा नाही, मशीन कललं तरी नाही. ओढणी आणि पंच्याचंही तेच, साडीगार्ड नसतं ह्याला, चेन आणि अ‍ॅक्सल उघडे असतात, गेलं की गेलं. आणि सायलेन्सर पोटरीच्या उंचीला.

आणि आमची पुळण दिसते सपाट पण सपाट नसते. ओहोटीला ओली वाळू टणक होते, हायवेसारखी, तिथे माणूस चेकाळतो आणि अंगठा पूर्ण दाबतो. पण वाडीतलं, नाल्यातलं पाणी समुद्रात जिथे उतरतं तिथे हात-दीड हाताची खाच पडलेली असते, लांबून चमकणारं पाणी दिसतं आणि वाटतं काय मस्त पाणी उडेल. पुढची दोन्ही चाकं त्या खाचेत बसली की माणूस हँडलवरून पुढे आणि मशीन त्याच्या मागून. दीडशे-दोनशे किलोचं धूड असतं, अंगावर पडलं तर एकट्याच्याने उचलत नाही. उधाणाच्या भरतीनंतर ती खाच रोज जागा बदलते, काल नव्हती तिथे आज असते, म्हणून रोज सकाळी पहिला राउंड मालकाने स्वतः हळू मारायला पाहिजे, एक-दोन जण मारतात, बाकीचे चहा पितात.

आता एक गोष्ट जी मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितली नाही. तीन-चार वर्षं झाली, डिसेंबर महिना. एक मशीन माझ्याकडे चेन टाईट करायला आलं. चेन करताना मला दिसलं की किल स्विचची टोपी हँडललाच झिपटायने बांधून टाकलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाल दोरी म्हणतो ती हीच, एक टोक स्विचच्या टोपीला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा कपड्याला, माणूस पडला की दोरी ओढली जाते, टोपी निघते, इंजिन जागच्या जागी बंद. जेट स्कीवाल्यांच्या हाताला असते ना, तीच. गिऱ्हाईक दोरी हरवतात, घरी घेऊन जातात, म्हणून मालकाने टोपी कायमची बांधून ठेवली होती. मी बघितलं, चेन टाईट केली, पैसे घेतले, काही बोललो नाही. आपल्याला काय करायचंय, असं वाटलं असेल, आता आठवत नाही.

पंधरा दिवसांत तेच मशीन टेम्पोतून परत आलं. बाप आणि सात-आठ वर्षांचा मुलगा, मुलगा पुढे बसलेला, थ्रॉटल, म्हणजे अंगठ्याच्या खटक्याने उघडतं ते, अडकलं, अंगठा उचलला तरी वेग कमी होईना, बाप वळवायला गेला आणि बाहेर फेकला गेला, पोरगं तसंच हँडल धरून सुरूच्या झाडांत. जीव वाचला दोघांचा. बापाची खांद्याची हाडं, पोराचा हात. दोरी हाताला असती तर बाप पडला त्याच क्षणी इंजिन बंद झालं असतं.

मी खोलून बघितलं थ्रॉटल का अडकलं. एअर फिल्टर ह्या मशीनला स्पंजचा असतो, तो फाटलेला. फाटलेल्या जागेतून वाळू आत, कार्बोरेटरमध्ये जो वरखाली होणारा पिस्टन असतो ना, स्लाईड, त्याच्या फटीत वाळू बसली होती, आणि केबलच्या आतल्या तारा खाऱ्या हवेने गंजून फुलल्या होत्या. दोन्ही मिळून थ्रॉटल वर गेलं ते खाली आलंच नाही. स्पंज आणि केबल मिळून किती पैसे लागतात ते सांगायलाही लाज वाटते, एका दिवसाच्या दोन-तीन राउंडमध्ये निघतात. तेव्हापासून मी नियम केलाय, दोरी नसेल तर मशीन गॅरेजमधून बाहेर जाणार नाही, कामाचे पैसे नको पण दोरी लाव. दोन गिऱ्हाइकं तुटली. जाऊ देत.

मेंटेनन्सबद्दल लोक विचारतात की महिन्यातून किती वेळा करायचा. महिन्यातून? अहो, समुद्रावरच्या मशीनला रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायला लागतं, मीठ रात्रभर बसलं की सकाळी नट खायला लागतं. पण धुवायचं म्हणजे गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने नाही, त्याने पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत घुसतं, वाळू पण बरोबर नेतं, साधी नळी लावा, हळू पाणी सोडा, मग पुसा आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून सुकवा. नंतर चेनला लूब. इथे आमचे लोक काय करतात, सर्व्हिसिंगमधून निघालेलं जळकं काळं ऑईल चेनवर ओततात, फुकट असतं म्हणून. त्याला वाळू चिकटते आणि ऑईल-वाळूचा जो चिखल होतो तो म्हणजे पॉलिश पेपरच, चेन आणि दातेरी चक्र दोन्ही घासून संपवतो, वरून ते काळं थेंब थेंब पुळणीवर गळतं जिथे पोरं किल्ले करत असतात.

स्पंजचा फिल्टर सीझनला दोन दिवसांनी काढून बघा, साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळून फाडू नका, पूर्ण सुकल्यावर फिल्टरचं ऑईल लावून बसवा, कोरडा स्पंज बारीक वाळू अडवत नाही. पेट्रोलमध्ये बुचकळणारे महाभाग पण आहेत, एकाच्या हाताला भाजलेलं आहे. इंजिन ऑईल ह्या छोट्या मशीनमध्ये लिटरभरही मावत नाही, आणि दिवसभर गरम इंजिन, कमी वेग, गिऱ्हाईक उतरलं की दुसरं चढलं, थंड व्हायला वेळच नाही, त्यामुळे ऑईल किलोमीटरवर नाही तासांवर बदलायचं असतं. काळं झालं की बदल, असं मी सांगतो, पण खरं म्हणजे काळं व्हायच्या आधी बदलायला पाहिजे. आणि गरम इंजिनावर पेट्रोल भरू नका, कॅनने तर अजिबात नाही, तोंडात सिगरेट असताना भरणारा पण बघितलाय मी.

ब्रेक. पाण्यातून मशीन काढलं की ड्रम ब्रेक ओले होतात आणि धरत नाहीत, हळू चालवत ब्रेक हलका दाबून दोन-चार वेळा सुकवायचे, मगच पुढचं गिऱ्हाईक. ड्रममध्ये वाळू गेली की कर्र आवाज येतो, तो आवाज म्हणजे ब्रेक तुम्हाला काहीतरी सांगतोय. रोज सकाळी चारही चाकं धरून हलवून बघा, खडखड लागली तर बेअरिंग नाहीतर टायरॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधा, गेला. चाकाच्या नटाला स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालतात ती पिन, आहे का बघा. मला पिनच्या जागी खिळा वाकवलेला सापडलाय, एकदा तर केसांची पिन, खरंच, काळी, बायका लावतात ती.

टायर हा मोठा विषय आहे आणि ह्याच्यात आम्ही मेकॅनिक आणि पंक्चरवाले दोघंही चुकलोय. ह्या फुगीर टायरमध्ये हवा भरायची असते साधारण ४ ते ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), टायरवर आणि स्टिकरवर आकडा असतो तो बघायचा. आमचा पंक्चरवाला मोटरसायकलच्या सवयीने २५-३० मारतो, टायर दिसतं टाईट, मालक खूश. अशा टायरचं मशीन चेंडूसारखं उडतं, वाळूत पकड नाही, जरा उंचवट्यावर गेलं की एक बाजू हवेत. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला १० असेल तर सरळ धरलं तरी एकीकडे ओढतं. पेट्रोल पंपावरच्या गेजवर एवढा कमी आकडा नीट दिसत नाही, त्याला ० ते १० चा वेगळा गेज लागतो.

अजून एक, सीझनचा पहिला दिवस. पावसाळ्यात सगळं बंद, मशीन ताडपत्रीखाली चार महिने पडून, काही जण बॅटरीही काढत नाहीत, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून डिंक झालेला असतो. दिवाळीला पहिली गर्दी आली की ताडपत्री काढली, किक मारली, सुरू झालं की चालू. सगळ्या केबल गंजलेल्या असतात तेव्हा. मला विचाराल तर वर्षातले सगळ्यात धोक्याचे दिवस हेच, आणि नेमकी तेव्हाच लहान मुलं सगळ्यात जास्त असतात.

मुलांचं म्हणाल तर लहान मशीन वेगळी येतात, त्यांना अंगठ्याच्या खटक्याच्या डबीवर एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. काहींना रिमोट पण येतो, बापाने लांबून बटण दाबलं की इंजिन बंद. स्क्रू फिरवायला अर्धा मिनिट लागतो. माझ्याकडे येणाऱ्या मशीनचा स्क्रू बहुतेक वेळा काढूनच टाकलेला असतो, कारण मोठी माणसं बसली की पळत नाही आणि गिऱ्हाईक पैसे परत मागतं.

मालक म्हणतात हा रस्ता नाही त्यामुळे लायसन्स नाही, नंबर नाही, इन्शुरन्स नाही. मी वकील नाही, पण १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त रस्ता असं लिहिलेलं नाहीये, लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. मग समुद्रकिनारा कोणाच्या बापाचा आहे? उद्या कोणाला लागलं तर भरपाई कोण देणार, त्या बाप-लेकाच्या वेळी टेम्पोभाडं तर मालकानेच दिलं होतं, हॉस्पिटलचं कोणी दिलं मला माहीत नाही.

बाहेरच्या देशांत हे सगळं आधी होऊन गेलंय. होंडाने १९७० ला जी एटीव्ही आणली ती तीन चाकांची होती, ती इतकी पलटी व्हायची आणि त्यात इतकी मुलं गेली की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांना तीनचाकी विकणं बंदच करायला लागलं. चार चाकं आली म्हणून पलटी व्हायची थांबली नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी ह्याच्यावरून गुरं राखतात, तिथे माणसं मशीनखाली चिरडून मरायची म्हणून २०२१ पासून शेतावरच्या कामाच्या नवीन मशीनला मागे संरक्षक कमान लागते, आडवं पडलं तरी माणूस पूर्ण खाली जाऊ नये म्हणून. तिथले लोक ह्याच्यावर रोज बसतात, आपला पर्यटक आयुष्यात पहिल्यांदा बसतो, पाच मिनिटांसाठी, आणि त्याला शिकवतं कोण तर बारावीतलं पोरगं, 'ये दबाओ चलेगा, ये दबाओ रुकेगा', झालं ट्रेनिंग.

मी बंद करा असं म्हणत नाहीये. माझं पोट त्याच्यावर आहे आणि गावातल्या पन्नास घरांचंही आहे. पाचगणी-लोणावळ्याकडे बंदिस्त मातीचे ट्रॅक असतात, कडेला जुने टायर लावलेले, हेल्मेट दिल्याशिवाय बसवत नाहीत, निदान चांगल्या ठिकाणी तरी. आमच्याकडे सुरूच्या बनामागे पडीक जागा आहेत, ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर दोऱ्या लावून ट्रॅक होऊ शकतो, मग पुळणीवर म्हातारी माणसं निवांत चालतील, आणि खाली दिवेआगर-हरिहरेश्वरकडे कासवं अंडी घालायला येतात तिथे तर रात्री चाक फिरायलाच नको, टायरच्या चाकोरीत पिल्लू पडलं की त्याला समुद्र सापडत नाही.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या सीझनला तसा चौघांचा फोटो आला तर छापू नका, किंवा छापला तर खाली दोन ओळी लिहा की हे असं बसायचं नसतं. लोक तुमचा फोटो बघून तसेच बसतात, मालकाला मोबाईलवर दाखवतात, पेपरात आलंय म्हणून.

आणि आमच्या एटीव्हीवाल्या भावांसाठी, ० ते १० चे दोन गेज आणलेत, एक गॅरेजबाहेर खिळ्याला टांगून ठेवतो, कधीही या, प्रेशर बघा, पैसे नाहीत. फक्त परत जागेवर लावा, मागचा कोणीतरी खिशात घालून नेला.

नाव छापू नका, गिऱ्हाइकं सगळी ओळखीची आहेत.

आपला,
एक गॅरेजवाला
ता. अलिबाग, जि. रायगड